अंगणातली खुर्ची

खुर्ची हा शब्द मराठीत अरबी ‘कुर्सी’वरून, फारसीच्या वाटेने आला. शब्दामागोमाग वस्तूही आली आणि मराठी घरात बराच काळ पाहुणीच राहिली. या घरात बसण्याची साधने काही कमी नव्हती. जेवावयास पाट होता, ओसरीवर घोंगडी किंवा जाजम होते, सोप्यात झोपाळा होता, परसात बाज होती आणि दारापुढे दगडी ओटा होता. खुर्ची प्रथम दिसली ती कचेरीत, आणि तेथून तिच्या अंगाला अधिकाराचा वास लागला तो आजतागायत गेलेला नाही. एखाद्याची खुर्ची गेली असे म्हटले म्हणजे ऐकणाऱ्याच्या मनात लाकडी वस्तू येत नाही, पद येते. या साऱ्या मानमरातबापासून दूर राहिलेल्या एका साध्या खुर्चीचा येथे विचार करावयाचा आहे. ही खुर्ची अंगणात, परसात, गच्चीवर किंवा बागेतल्या झाडाखाली ठेवावयाची. तिने ऊन सोसावयाचे, पावसात भिजावयाचे. आणि ती घरातल्याच माणसाने सुट्टीच्या चार दिवसांत करवत हाती घेऊन करावयाची.

हे काम वाटते तितके अवघड नाही, पण ते सोपे का आहे हे समजल्यावाचून नीट होतही नाही. घरातील खुर्ची आणि बाहेरची खुर्ची या दिसण्यात सख्ख्या बहिणी असल्या, तरी त्यांची शास्त्रे वेगळी आहेत. घरातल्या खुर्चीचे सुख वेताच्या विणीत किंवा कापसाच्या गादीत असते आणि तिचे बळ भोकात कुसू बसवून सरसाने पक्क्या केलेल्या सांध्यांत असते. बाहेर या तिन्ही गोष्टी टिकत नाहीत. वेत उन्हाने तडकतो, गादी पहिल्याच पावसात कुजते आणि सरस ओलाव्याने सुटतो. म्हणजे सुख आणि बळ या दोहोंचीही नेहमीची साधने काढून घेतली, तर उरलेल्या नुसत्या फळ्यांतून बसणाऱ्याला आराम द्यावयाचा कसा, हा बाहेरच्या खुर्चीपुढचा खरा प्रश्न होय.

या प्रश्नाचे एक अत्यंत समंजस उत्तर १९०३ साली अमेरिकेत मिळाले. न्यूयॉर्क राज्याच्या उत्तरेस ॲडिरॉन्डॅक नावाचा डोंगराळ, अरण्यमय प्रदेश आहे. त्याच्या पूर्वेला शॅम्प्लेन सरोवर पसरलेले असून सरोवराच्या पश्चिम काठावर वेस्टपोर्ट नावाचे लहानसे गाव आहे. उन्हाळ्यात हवा पालटण्यासाठी येणाऱ्या कुटुंबांपैकी एकाचा प्रमुख टॉमस ली याला आपल्या उन्हाळी घरासाठी बाहेर ठेवण्याजोग्या खुर्च्या हव्या होत्या. मनासारख्या खुर्च्या त्याला मिळेनात, तेव्हा तो स्वतःच फळ्या जोडू लागला. एक आराखडा उभा करावा, घरातल्या माणसांना एकामागून एक त्यात बसवावे, कोणाच्या कमरेला काय टोचते आणि कोणाची मान कोठे अवघडते हे विचारावे, आणि मग फळी काढून दुसऱ्या उताराने बसवावी, असा त्याचा क्रम चालला. अखेरीस जो आकार सर्वांच्या पसंतीस उतरला त्यात अवघे अकरा तुकडे होते आणि ते एकाच लांब फळीतून निघत असत. बैठक मागे उतरती, पाठ मागे रेललेली आणि दोन्ही हात इतके रुंद, की त्यांवर पुस्तक उपडे ठेवावे किंवा पाण्याचा पेला ठेवावा.

या खुर्चीचे मर्म तिच्या उतारात आहे. सरळ बैठकीच्या कठीण खुर्चीत शरीराचे जवळजवळ सर्व वजन ओटीपोटाच्या खालच्या दोन हाडांवर येते, आणि थोड्या वेळाने माणूस पुढे घसरू लागतो. बैठक मागे उतरती केली, म्हणजे शरीर आपोआप पाठीशी जाऊन टेकते. मग मांड्या, कंबर आणि पाठ यांत वजन वाटले जाते. गादीने जे काम मऊपणाने केले असते, ते येथे कोनाने साधले आहे. लाकूड कठीणच राहते. परंतु त्याचा काठिण्याचा दोष एका ठिकाणी साचत नाही. कोन सुतार मापू शकतो तसा शाळकरी मुलगाही मापू शकतो. म्हणून ही खुर्ची घरी करता येते.

या खुर्चीच्या पुढच्या कथेला एक कडवट धागा आहे. वेस्टपोर्ट गावात हॅरी बनेल नावाचा एक सुतार होता. डोंगराळ मुलुखातला हिवाळा लांब, आणि त्या दिवसांत सुताराला काम थोडे. त्याला चार पैसे मिळावेत म्हणून लीने आपली खुर्ची त्याला करून विकावयास दिली, असे सांगतात. खुर्च्यांना मागणी आली. बनेलने १९०४ साली एकस्वासाठी, म्हणजे पेटंटसाठी, अर्ज केला आणि १८ जुलै १९०५ रोजी ते त्याच्या नावाने मंजूर झाले. लीला विचारल्यावाचून हे झाले, असे मानले जाते. पुढे सुमारे वीस वर्षे बनेल हेमलॉक व बासवुड या लाकडांच्या खुर्च्या करून, त्यांना हिरवा किंवा तपकिरी रंग देऊन विकत राहिला. (हे हेमलॉक देवदाराच्या जातीचे सूचिपर्णी झाड आहे; सॉक्रेटिसाच्या पेल्यातली विषारी वनस्पती निराळी.) नावापुढे हक्क एकाचा लागला, कल्पना दुसऱ्याची होती. परंतु काळाने या वादाचा निकाल आपल्या पद्धतीने लावला. त्या काळी अमेरिकेत एकस्वाची मुदत मंजुरीपासून सतरा वर्षांची असे. १९२२ साली ती संपली आणि खुर्ची कोणा एकाची न राहता, जो करील त्याची झाली.

बनेलच्या त्या एकस्वातला एक शब्द भारतीय कानाला ओळखीचा वाटेल. आपली खुर्ची ‘बंगलो’ पद्धतीची असून ती ओसरीवर, हिरवळीवर किंवा रानातल्या तळावर वापरावयाची आहे, असे त्यात म्हटले आहे. बंगलो म्हणजे ‘बंगला’. बंगालमधल्या सखल, उतरत्या छपराच्या आणि भोवती पडवी असलेल्या घराचे हे नाव इंग्रजांबरोबर सातासमुद्रापार गेले आणि न्यूयॉर्कच्या डोंगरात एका खुर्चीचे विशेषण झाले. पडवीत निवांत रेलण्याची कल्पना भारताला नवी नव्हतीच. लांब हातांची, वेताने विणलेली आरामखुर्ची येथील जुन्या बंगल्यांत पुष्कळांनी पाहिली असेल. तिचे सुख वेतात आणि तिचे स्थान छपराखाली होते, एवढाच भेद.

त्याच एकस्वात आणखी एक गोष्ट नमूद आहे: ही खुर्ची रुग्णाच्या उपयोगासाठीही बदलून घेता येईल. हा उल्लेख निष्कारण नव्हता. वेस्टपोर्टच्या पश्चिमेस त्याच डोंगरांत सॅरनॅक लेक नावाचे गाव आहे. एडवर्ड लिव्हिंगस्टन ट्रूडो हा तरुण डॉक्टर स्वतः क्षयाने पोखरलेला असा १८७३ साली या प्रदेशात आला. मोकळ्या हवेत त्याची प्रकृती सुधारली, आणि पुढील दशकाच्या मध्यास त्याने सॅरनॅक लेक येथे क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम सुरू केले. रॉबर्ट कॉखने क्षयाचा जंतू १८८२ साली दाखवून दिला होता; पण त्यावर चालणारे औषध, स्ट्रेप्टोमायसिन, १९४३ सालापर्यंत सापडावयाचे होते. मधल्या साठ वर्षांत विश्रांती, सकस अन्न आणि मोकळी हवा हीच काय ती चिकित्सा. रोगी कांबळी पांघरून, भर हिवाळ्यातसुद्धा, तासन्‌तास ओसरीवर रेलून असत आणि त्यांच्यासाठी खास लांब खुर्च्या केल्या जात. ज्याला दिवसाचे आठ तास बाहेर बसून काढावयाचे आहेत, त्याच्या दृष्टीने खुर्चीच्या पाठीचा कोन ही चैनीची बाब नव्हती. निरोगी माणसाला जे सुख वाटते, ते आजाऱ्याला आवश्यक असते, ही गोष्ट खुर्ची करणाऱ्याने ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

लीच्या खुर्चीची पाठ रुंद, सलग फळ्यांची होती. अशा बिनगाठीच्या रुंद फळ्या दुर्मिळ आणि महाग. १९३८ साली न्यू जर्सी राज्यातील आयर्व्हिंग वोल्पिन याने पाठीला पंख्यासारख्या पसरलेल्या अरुंद पट्ट्या असलेल्या बागेतल्या खुर्चीच्या घडणीचे एकस्व घेतले, आणि हाच प्रकार पुढे ॲडिरॉन्डॅक खुर्ची म्हणून जगभर रूढ झाला. अरुंद पट्ट्या लहानसहान लाकडातूनही निघतात. शिवाय दोन पट्ट्यांमधून वारा खेळतो आणि पाणी गळून जाते. भारतातील पावसाळ्याला हाच प्रकार अधिक मानवणारा आहे.

आता प्रत्यक्ष करणीकडे वळावयाचे. प्रथम लाकूड. सागवानासारखे लाकूड या कामाला नाही. त्याच्या गाभ्यात नैसर्गिक तेल असते. त्यामुळे ते पाण्याला व वाळवीला पुष्कळ दाद देत नाही, आणि ओले-कोरडे होताना फारसे वाकतही नाही. मात्र गुण गाभ्याचा आहे. खोडाच्या बाहेरच्या अंगाचे फिकट लाकूड सागाचे असले तरी किडीचे भक्ष्य होते, म्हणून फळीच्या कडेला पांढरट पट्टा दिसला तर तो कापून टाकावा. उत्तरेत राहणाऱ्या मराठी कुटुंबाला देवदार मिळेल. दक्षिणेत किंवा कोकणात फणसाचेही लाकूड चालेल. आंबा स्वस्त खरा, पण उघड्यावर तो दोनचार पावसाळ्यांतच नांगी टाकतो. सर्वांत शहाणपणाचा सौदा म्हणजे जुने लाकूड. पडलेल्या वाड्यांच्या तुळया, दारे, कडीपाट वखारीत येतात. त्यांतले सागवान वर्षानुवर्षे मुरलेले असते आणि ते आता नव्याने वाकावयाचे राहिलेले नसते. फक्त कापण्यापूर्वी त्यात दडलेले खिळे शोधून काढावेत, नाहीतर करवतीचे दात पहिल्याच दिवशी जातील.

एक इंच जाडीच्या फळ्या धरल्या, तर एका खुर्चीला सुमारे सव्वा घनफूट लाकूड लागते. वाया जाणारे धरून दीड घनफूट घ्यावे. हत्यारे घरगुतीच: करवत, रंधा, गुण्या, गिरमिट किंवा हातातले भोके पाडण्याचे यंत्र, पेचकस, कानस आणि काचकागद. सांधे स्क्रूंचे व बोल्टांचे. कुसवांचे सांधे येथे नकोत. कारण कुसू बसवण्याचे भोक म्हणजे पाणी साठण्याची कुपी, आणि बाहेरचे लाकूड तेथूनच कुजू लागते.

मापे सांगावयाची ती आरंभासाठी. ती कोणाच्या अंगाला बेतावयाची ते पुढे येईल. बाजूच्या दोन फळ्या प्रत्येकी ३६ इंच लांब व साडेपाच इंच रुंद. याच फळ्या बैठक उचलून धरतात आणि मागे जमिनीला टेकून मागच्या पायांचेही काम करतात. पुढचे दोन पाय २१ इंच उंच व चार इंच रुंद. बैठकीच्या पाच पट्ट्या साडेएकवीस इंच लांब आणि पाठीच्या पाच पट्ट्या ३४ इंच लांब. या दहाही पट्ट्यांची रुंदी साडेतीन इंच. हात दोन, प्रत्येकी २८ इंच लांब व साडेपाच इंच रुंद. यांखेरीज तीन आडव्या पट्ट्या: पाठीच्या तळाशी साडेएकोणीस इंचांची, पाठीमागे हातांच्या उंचीवर २८ इंचांची आणि पुढच्या बाजूस बैठकीखाली साडेएकवीस इंचांची.

कामाची सुरुवात जमिनीवर खडूने एक सरळ रेघ ओढून करावी. ती रेघ म्हणजे अंगण समजावे. तिच्यावर गुण्या धरून पुढचा पाय काटकोनात आडवा ठेवावा. मग बाजूची फळी अशी ठेवावी, की तिची वरची कड पायापाशी रेघेपासून १४ इंचांवर राहील आणि दुसऱ्या टोकाचा खालचा कोपरा रेघेला टेकेल. या स्थितीत फळीला दर चार इंचांमागे एक इंच उतार मिळतो, अंशांत सांगावयाचे तर सुमारे चौदा. कोनमापकाची गरजच पडत नाही; रेघ, गुण्या आणि पट्टी पुरेशी होते. फळीचा जो कोपरा रेघेखाली जाईल तो रेघेप्रमाणे कापून टाकावा, म्हणजे मागचे टोक जमिनीवर सपाट बसेल. पाय आणि फळी यांचा सांधा दोन बोल्टांनी पक्का करावा, कारण सगळा भार येथे येतो.

दुसरी बाजू करताना नवशिक्याची हमखास फसगत होते. पहिलीसारखीच हुबेहूब दुसरी केली, तर दोन्ही डाव्या बाजू तयार होतात आणि उजवी राहूनच जाते. दुसरी बाजू पहिलीचे आरशातले प्रतिबिंब असली पाहिजे. दोन्ही पाय बाहेरच्या अंगास आणि दोन्ही फळ्या आतल्या अंगास. बोल्ट बसवण्यापूर्वी दोन्ही बाजू समोरासमोर उभ्या करून पाहिल्या की ही चूक टळते.

मग दोन्ही बाजूंच्या आत साडेएकोणीस इंच अंतर ठेवून त्या पुढे-मागे आडव्या पट्ट्यांनी जोडाव्यात आणि त्यांवर बैठकीच्या पट्ट्या बसवाव्यात. दोन पट्ट्यांमध्ये पाऊण बोट फट ठेवावी. लाकूड भिजले म्हणजे ते लांबीत जवळजवळ वाढत नाही, रुंदीत वाढते. फट नसेल तर पट्ट्या एकमेकींना रेटून स्क्रू उपटतील. सर्वांत महत्त्वाची फट मात्र शेवटची. बैठक मागे उतरती असल्यामुळे पडलेले सारे पाणी पाठीच्या बुडाशी धावते. तेथे बैठकीची शेवटची पट्टी आणि पाठ यांच्यात अर्धा इंच मोकळी वाट ठेवली नाही, तर जो उतार बसणाऱ्याला सुख देतो तोच खुर्चीचा काळ ठरतो. घरी केलेल्या बहुतेक खुर्च्या याच ठिकाणी कुजतात.

पाठ उभारताना तिच्या पट्ट्यांची बुडे खालच्या आडव्या पट्टीला जोडावीत आणि नऊ इंच वर चढताना चार इंच मागे इतकी ती रेलू द्यावी. या उताराने पाठ आणि बैठक यांच्यात शंभर अंशांचा कोन पडतो. हातांच्या उंचीवर पाठीमागून लांब आडवी पट्टी द्यावी. तिच्यावर हातांची मागची टोके टेकतात आणि पुढची टोके पायांच्या माथ्यावर. या चार ठिकाणी हात पक्के झाले, की खुर्ची डोलावयाची थांबते.

स्क्रू पितळेचे किंवा जस्ताचा मुलामा दिलेले असावेत. साधे लोखंड गंजते, लाकडावर काळे ओघळ सोडते आणि शेवटी आपल्या भोवतालचे लाकूड घेऊनच निखळते. पितळ मऊ असते. सागवानात ते दमदाटीने घातले तर डोके मोडून हातात येते. यासाठी आधी गिरमिटाने भोक पाडावे, त्यात त्याच मापाचा लोखंडी स्क्रू एकदा फिरवून काढावा आणि मग पितळी स्क्रूला साबण किंवा मेण लावून तो हलक्या हाताने बसवावा.

सर्व कडा कानशीने व काचकागदाने गोल कराव्यात. रंग द्यावयाचा की तेल, हा आवडीचा प्रश्न आहे. रंग लाकडाला अधिक झाकतो, पण एकदा त्याला भेग पडली की पाणी आत शिरते आणि बाहेर पडावयास वाट सापडत नाही. तेलाने संरक्षण कमी काळ टिकते, पण ते पुन्हा देणे सोपे असते. दर वर्षी मृगापूर्वी एक हात पुरतो. उकळलेल्या जवसाच्या तेलात थोडे टर्पेंटाइन मिसळून ते कापडाने चोळावे. ही तेलकट फडकी बोळा करून कोपऱ्यात टाकू नयेत. जवसाचे तेल वाळताना तापते आणि असा बोळा आपोआप पेट घेऊ शकतो. ती पसरून उघड्यावर वाळवावीत किंवा पाण्यात बुडवून ठेवावीत. पायांच्या तळव्यांना मात्र तेल किंवा रंग दोनतीनदा, मुरेपर्यंत द्यावा. लाकूड पाणी पिते ते मुख्यतः आपल्या कापलेल्या टोकांनी, आणि खुर्चीची ही टोके सदैव ओल्या मातीवर असतात. पावसाळ्यात प्रत्येक टोकाखाली एकेक विटेचा किंवा फरशीचा तुकडा सरकवला, तर खुर्चीचे आयुष्य सहज वाढते.

येथवर जे सांगितले ते कोणताही जाणता सुतार एका वाक्यात सांगेल आणि दोन दिवसांत करून दाखवील. बारा बलुतेदारांत ज्याचे स्थान मानाचे, त्या सुताराचे काम घरच्या माणसाने हिरावून घ्यावे असा हेतू येथे मुळीच नाही. सुताराने जोडलेली देवडी तीन पिढ्या हलत नाही. घरच्या करवतीला ते साधणार नाही. उलट, एकदा स्वतः फळी सरळ कापून पाहिली म्हणजेच सुताराच्या हाताची खरी किंमत कळते. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला भरलेल्या शिक्षण परिषदेनंतर झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखालील समितीने मूलोद्योगी शिक्षणाची जी योजना आखली, तिच्यात सूतकताई आणि शेती यांच्या जोडीला सुतारकामही होते. मुलाने सुतार व्हावे एवढ्यासाठी ते नव्हते. उताराचे गणित, लाकडाचे शास्त्र आणि श्रमाची प्रतिष्ठा ही एकाच वस्तूत एकत्र भेटतात, म्हणून ते होते. जमिनीवर ओढलेल्या खडूच्या रेघेवर जो मुलगा चारास एक उतार काढतो, त्याला काटकोन त्रिकोण पुन्हा शिकवावा लागत नाही.

परंतु घरी खुर्ची करण्याचे सर्वांत मोठे कारण याहून वेगळे आहे. कारखान्यात होणारी खुर्ची कोणाच्याच मापाची नसते. ती सरासरी माणसाच्या मापाची असते आणि सरासरी माणूस कोणाच्याही घरी राहत नाही. वर सांगितलेली मापे मध्यम उंचीच्या, धडधाकट माणसाची आहेत. त्या खुर्चीत बैठकीची पुढची कड १५ इंचांवर आणि मागची दहा इंचांवर येते. तरुण माणूस तीत सुखाने पडून राहील. पण ज्या आजोबांच्या गुडघ्यांत दम राहिलेला नाही, ते या खोल बैठकीत एकदा बसले की कोणी हात दिल्यावाचून उठू शकणार नाहीत. उठण्यासाठी दुसऱ्याची वाट पाहावी लागते म्हणून अनेक वृद्ध माणसे बसावयाचेच टाळतात. दाराच्या चौकटीला धरून उभी राहतात आणि थोड्या वेळाने आत निघून जातात. घरच्यांना वाटते, त्यांना बाहेर बसण्याची हौस उरलेली नाही.

यासाठी लाकूड कापण्याआधी एक प्रयोग करावा. भिंतीपासून थोडी पुढे विटांची लहानमोठी चळत रचून तिच्यावर एक रुंद फळी उतरती ठेवावी आणि पाठीला दुसरी फळी भिंतीला टेकवून तिचे बूड नीट अडकवावे. ज्याच्यासाठी खुर्ची करावयाची त्याला, हाताला धरून, तीवर बसवावे. तळपाय जमिनीला पुरते टेकतात की नाही, गुडघ्यामागे फळीची कड रुतते की काय, मान कोठे विसावते, हे पाहावे आणि त्याला विचारावे. नंतर त्याला उठावयास सांगावे; खुर्चीची खरी परीक्षा बसण्यात नसून उठण्यात आहे. उठताना कष्ट होत असतील तर पुढे एक वीट वाढवावी आणि मागे दोन. वृद्ध माणसाला बहुधा पुढची उंची १७ इंचांच्या आसपास, उतार निम्मा आणि बैठकीची खोली दोन इंचांनी कमी मानवते. अशा वेळी बाजूची फळी मागे जमिनीला टेकत नाही, म्हणून तेथे स्वतंत्र पाय द्यावे लागतात. हातही त्या प्रमाणात दोन इंच उंच आणि थोडे पुढे आलेले असावेत, म्हणजे त्यांवर भार देऊन आपले आपण उठता येते. लहान मुलासाठी हाच हिशेब उलट दिशेने करावा.

वेस्टपोर्टच्या त्या गृहस्थाने १९०३ साली केले ते याहून निराळे नव्हते. त्याच्यापाशी सुतारकीची परंपरा नव्हती. घरातली माणसे होती आणि त्यांना बसवून, विचारून, पुन्हा फळी काढण्याची तयारी होती. एकस्व दुसऱ्याच्या नावाने गेले, आकार बदलला, सलग फळ्यांच्या पट्ट्या झाल्या, आता तर वापरलेल्या प्लास्टिकपासूनही या खुर्च्या होतात. त्याची विचारण्याची रीत मात्र कोणत्याही यंत्राला उचलता आलेली नाही. ती ज्याच्या घरात माणसे आहेत त्या कोणालाही उचलता येते. इंदूरच्या अंगणात असो, बडोद्याच्या गच्चीत असो की हैदराबादच्या एखाद्या परसात, दीड घनफूट सागवान, मूठभर पितळी स्क्रू आणि चार दिवसांची सवड एवढ्या सामग्रीवर एक वृद्ध माणूस संध्याकाळी कोणाला हाक न मारता बाहेर येऊन बसू शकेल आणि दिवे लागले म्हणजे कोणाला हाक न मारता उठून आत जाऊ शकेल.